बदलीच्या गावातली खुली बैठक

आमच्या बैठकीला पहिल्यांदा येणारा माणूस वाद्य मांडीवर घेतो आणि हमखास विचारतो, “बजाना क्या है?” त्याला कोणी तालाचं नाव सांगत नाही, रागाचं सांगत नाही, मुखडा गुणगुणून दाखवत नाही. शेजारी काय चाललंय ते आधी ऐका आणि मग द्यावंसं वाटेल ते द्या, एवढंच सांगतो. बहुतेक जण गोंधळतात. चांगले शिकलेले अंमळ जास्तच गोंधळतात, कारण वर्षानुवर्षं घोटलेला माल हातात तयार असतो आणि तो इथे कुठे उतरवायचा ते त्यांना कळत नाही.

मी पखवाज वाजवते. माहेर झाशीच्या जुन्या मराठी वस्तीतलं, शिक्षण ग्वाल्हेरचं, आणि आता राहते बबीन्यात. नारोशंकर 1742 साली झाशीचा सुभेदार झाला, त्या काळापासून मराठी घरं इकडे रुजली. आमची मराठी बुंदेलीत भिजलेली आहे, पण घरात गणपती बसतो आणि आरतीला टाळ लागतातच. बबीन्याचं मात्र वेगळं आहे. झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला पंचवीसेक किलोमीटरवरचं हे छावणीचं गाव. रणगाडे, फायरिंग रेंज, रेल्वे स्टेशन आणि भोवती खडकाळ माळ. रणगाड्यांचं शिक्षण नगरला झालेले जवान इथे भेटतात आणि मी मराठी आहे हे कळलं की दोन-चार मराठी शब्द हौसेनं बोलून दाखवतात. इथे आलेला माणूस दोन-तीन वर्षांनी जाणार, हे तो येतो तेव्हाच ठरलेलं असतं.

अशा गावात संगीताचं काय होतं, ते मी जवळून बघितलंय. भजनी मंडळ जमतं, चाली बसतात, आणि पेटीवाल्याची बदली होते. नवा पेटीवाला गढवालचा असतो, त्याची भजनं निराळी. ढोलकीवाला पंजाबचा, गाणारी बाई केरळची. सगळ्यांना येणारी म्हणजे सिनेमाची गाणी, आणि तीसुद्धा ज्याच्या त्याच्या पिढीची. एकत्र वाजवायला एकत्र पाठांतर लागतं, असं धरून चाललं की बदलीच्या गावात दर वेळी श्रीगणेशापासून सुरुवात. म्हणून आम्ही पाठांतरच बाजूला ठेवलं. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी छावणीबाहेरच्या एका हॉलमध्ये सतरंज्या अंथरतो. कोणीही यावं, काहीही आणावं, आधी काही ठरवू नये.

नियम थोडे आहेत आणि ते पाळावेच लागतात. एका वेळी चौघांपेक्षा जास्त जण बसत नाहीत. कोण कोणाबरोबर बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, त्यामुळे आपापल्या जोड्या जमवता येत नाहीत. दहा मिनिटं झाली की थांबायचं. कोणाच्या ओळखीचं गाणं सुरू करायचं नाही. आणि वाजवून झाल्यावर कोणी कोणाला ‘वाहवा’ किंवा ‘चुकलं’ म्हणायचं नाही, काय ऐकू आलं तेवढं सांगायचं. हा शेवटचा नियम सगळ्यांना जड जातो. ‘छान झालं’ म्हणणं सोपं असतं. ‘बासरी खाली आली तेव्हा ढोलक थांबला आणि मला पंखा ऐकू आला’ असं म्हणायला दहाही मिनिटं कान जागा ठेवावा लागतो.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. तबल्याची शाई कायमची बसवलेली असते, कणीक मात्र दर बैठकीला नवी. मळायची सैलसर, बोटाला चिकटेल न चिकटेल अशी. ओल्या केलेल्या पुडीच्या कातड्यावर मधोमध थापायची, अंगठ्यानं कडा दाबत न्यायच्या आणि थाप मारून बघायचं. जास्त झाली तर आवाज खाली बसतो आणि गुदमरतो, कमी पडली तर धुमा, म्हणजे ही डावी बाजू, पोकळ बोलतो. चिमूटभर काढायची, चिमूटभर लावायची. बबीन्यातल्या मे महिन्यात ही कणीक वाजवता वाजवताच सुकायला लागते आणि डावी बाजू हळूहळू चढते. मैफलीत मी मध्येच पाण्याचं बोट फिरवून तिला खाली आणते. खुल्या बैठकीत आणत नाही. सूर चढतोय तर चढू दे, त्या नव्या सुराला शेजारची बासरी काय म्हणते ते ऐकू. वाद्यावरची माझी पकड जिथे सैल होते तिथूनच दुसऱ्याला आत यायला जागा मिळते, हे मला कणकेनं शिकवलं.

नव्या माणसांना आधी दोन खेळ देतो. ते आमच्या डोक्यातले नाहीत, लंडनच्या जॉन स्टीव्हन्स या ड्रमवादकाचे आहेत. एकात प्रत्येकानं जमेल तितका आखूड आवाज करायचा. दुसऱ्यात श्वास पुरेल तितका लांब सूर धरायचा, श्वास संपला की थांबून पुन्हा घ्यायचा. आखूड आवाजाच्या खेळात वाद्य येत नसलेलासुद्धा बसू शकतो. कोणी पेनचं टोपण वाजवतो, कोणी चिमटा, कोणी स्टीलच्या पेल्यावर नखानं टिचकी मारतो. सुरुवातीला आवाज इकडेतिकडे पडतात. मग काही वेळानं खोलीत एक लय फिरायला लागते आणि ती त्यांतला कोणीच एकटा वाजवत नसतो. ती चौघांच्या मधल्या जागेत तयार झालेली असते. कोणी मुद्दाम ती पकडायला गेला की त्याच क्षणी मोडते.

स्टीव्हन्सची गोष्ट छावणीच्या गावात आवर्जून सांगण्यासारखी आहे. तो ब्रिटनच्या हवाई दलात होता आणि ड्रम शिकला तो हवाई दलाच्या संगीतशाळेत. ट्रेव्हर वॉट्स आणि पॉल रदरफर्ड हे त्याचे पुढचे साथीदारही त्याला हवाई दलातच भेटले. लष्करी बँडच्या शिस्तीत वाढलेल्या या मंडळींनी 1966 साली लंडनच्या लिटल थिएटर क्लबात रात्री काहीही न ठरवता वाजवायला सुरुवात केली, आणि तिथे येऊन अनेक वादक घडले. पुढे स्टीव्हन्सनं असे खेळ एका पुस्तकात बांधून दिले. एडी प्रेव्होस्ट या दुसऱ्या ड्रमवादकानं 1999 साली लंडनमध्येच दर आठवड्याची खुली कार्यशाळा सुरू केली. बँडमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब आमच्याकडे क्लॅरिनेट घेऊन येतात. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते ताठ बसले आणि म्हणाले, “म्हणजे ही आपलीच वाट आहे.” नोकरीभर त्यांनी समोरच्या कागदावरचंच वाजवलं होतं. आज आमच्यातले सगळ्यांत सावध कान त्यांचे आहेत, कारण पावलाला पाऊल जुळवून चालता चालता वाजवणाऱ्याला शेजारच्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

घसरण्याची जागाही सांगितली पाहिजे. चार जण जमले, त्यात एक ढोलक असला, की काही मिनिटांत केरवा सुरू होतो. सगळ्यांना हायसं वाटतं, माना डोलायला लागतात आणि ऐकणं तिथेच थांबतं. केरव्यात वाईट काहीच नाही. पण तो आला की प्रत्येकाला पुढची मात्रा आधीच ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्याकडे कोणी कान देत नाही. केरव्याला आम्ही बंदी घातलेली नाही. अशा वेळी मी डावा हात उचलून घेते आणि जिथे सगळे समेची वाट बघत असतात तिथे काहीच वाजवत नाही. दोन-तीन आवर्तनांत कोणाला तरी ती रिकामी जागा जाणवते आणि तो मान वर करतो. एकदा फाग, म्हणजे होळीची गाणी, गाणाऱ्या एकानं यावर फार सुंदर उपाय केला. तो नगडिया घेऊन आला होता. लहानसं नगाऱ्यासारखं वाद्य, दोन काड्यांनी वाजवायचं, कातडं सैल पडलं की आगीवर शेकायचं. फागाच्या फडात समोरच्यानं टाकलेल्याला उत्तर द्यायची त्याला जन्माची सवय. केरवा लागल्यावर त्यानं काड्या खाली ठेवल्या आणि तळहातानं कातडं दाबत नुसत्या बोटांनी खरवडायला सुरुवात केली. ढोलकवाला आपोआप थबकला. आपण शहरातल्या लोकांनी ज्याला प्रयोग म्हणावं ते या माणसानं होळीच्या फडात कितीदा केलं असेल.

रात्री रेंजवर तोफा चालू असल्या की खिडक्यांच्या काचा थरथरतात. आधी काच, मग पोटात उतरणारा खोल आवाज. माझा पखवाज मांडीवर नुसता पडलेला असतो, तरी कणकेच्या बाजूचं कातडं तळहाताला हललेलं कळतं. अशा रात्री पहिला मोह होतो तो तोफेची नक्कल करण्याचा, जोरात थाप मारून उत्तर देण्याचा. एका रात्री एका मुलानं बासरीवर एकच सूर धरला होता. आवाज झाला तरी त्यानं तो सोडला नाही, मोठा केला नाही, लहानही केला नाही. मग सुभेदारसाहेबांनी त्याच सुराला खालून आधार दिला, आणि पुढची तोफ त्या दोन सुरांच्या संगीतात सामावली. बाहेरचा आवाज आपल्या ताब्यातला नसतो. त्याला कुठे बसवायचं ते मात्र आपल्या हातात असतं.

बाहेरचा आवाज संगीतात आणणारा म्हणून जगभर ज्याचं नाव घेतात तो अमेरिकेचा जॉन केज. चार मिनिटं तेहतीस सेकंद वादकानं काहीच वाजवायचं नाही, अशी रचना त्यानं 1952 साली केली. त्याच्या विचाराला वळण देणाऱ्यांत अहमदाबादच्या गीता साराभाई होत्या. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकून घेतलं. मन शांत करणं हे संगीताचं काम आहे, हे आपल्या गुरूंकडून ऐकलेलं त्यांनी केजला सांगितलं, आणि केज ते आयुष्यभर सांगत राहिला. या गीताबेन पखवाज वाजवायच्या, त्या काळी बाईच्या मांडीवर क्वचितच दिसणारं वाद्य, आणि त्यांचे पखवाजाचे गुरू होते गोविंदराव बुऱ्हाणपूरकर. गोविंदराव नानासाहेब पानशांच्या परंपरेतले. पानसे मूळचे वाईचे, नावारूपाला आले ते इंदूरला. पखवाजाचं दुसरं मोठं घराणं कुदऊसिंहांचं, आणि ते आमच्या झाशीशेजारच्या दतिया दरबारचे. पिसाळलेला हत्ती त्यांनी परण वाजवून शांत केला, अशी गोष्ट इकडे सांगतात. सांगायचं एवढंच, की प्रयोगाचं संगीत आपल्याकडे परदेशातून आलं असं समजणाऱ्यानं पखवाजाकडे एकदा बघावं.

आणि पखवाजातच याची तालीम आहे. ध्रुपदात गायक जेव्हा बंदिशीची उपज करतो, तेव्हा पखवाजी नुसता ठेका धरून बसत नाही. गायक आत्ता काय घडवतोय ते ऐकत त्याच क्षणी त्याच्याबरोबर वाजवतो. गायकाचा विचार अजून पुरा झालेला नसतो, तेव्हाच तो ओळखून बोल टाकायचे आणि दोघांनी समेवर यायचं. आधी ठरवलेलं काही नाही, ठरलेली फक्त सम. खुल्या बैठकीत ती समसुद्धा काढून टाकलेली असते. उरतं ते दुसऱ्याचा विचार पुरा व्हायच्या आत तो ओळखण्याचं काम.

ग्वाल्हेरकडचे माझे गुरुबंधू विचारतात, हे संगीत आहे का, की वाट्टेल ते? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारे माझ्यापेक्षा चांगलं वाजवतात. रागात मर्यादा राग घालून देतो. पिढ्यांनी तपासलेली ती मर्यादा आहे आणि तिच्या आत जी खोली गाठता येते ती आमच्या शनिवारी येत नाही, येणारही नाही. कित्येक शनिवारी दहा मिनिटांत काहीच जमत नाही. रविवारी सकाळी मी चौताल घेऊनच बसते आणि तिट कत गदि गन घासतेच. पण वाट्टेल ते मात्र तिथे चालत नाही. मर्यादा असते, ती समोर बसलेली तीन माणसं घालतात. त्यांच्यावर पाय देऊन केलेली तयारी तिथे लगेच उघडी पडते. डेरेक बेली या इंग्रज गिटारवादकानं 1980 साली उत्स्फूर्त संगीतावर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवात त्यानं भारतीय संगीतापासूनच केली. ऐनवेळी घडवणं हा आपल्या संगीताचा कणा आहे. आपण ते फक्त रंगमंचावरच्या तयार कलावंतांकडे सोपवून बाकीचे श्रोते होऊन बसलो.

म्हणून हे बबीन्यापुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं. देवळाली, कामठी, खडकी इथेही बदलीवर आलेली माणसं आहेत. औद्योगिक वसाहतींत, वसतिगृहांत चार प्रांतांतली पोरं एका खोलीत राहतात आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या कानात ज्याचं त्याचं गाणं असतं. त्यांना लागतं ते फार थोडं : एक खोली, सतरंजी, घड्याळ, आणि दर वेळी न चुकता येऊन दार उघडणारा एक माणूस. पहिल्या दिवशी चांगलं वाजवणाऱ्यांना शेवटी बसवावं आणि पेल्यावर टिचकी मारणाऱ्याला आधी. आमच्याकडचे चेहरे सतत बदलतात, गेल्या वर्षीचे कितीतरी आज इथे नाहीत. बैठक चालू राहिली, कारण तिला कोणाचं पाठांतर लागत नाही. नव्यानं आलेला पहिल्याच संध्याकाळी तिच्यात पुरा सामील होतो, आणि जाणारा जिथे बदली होईल तिथे, ओळखपाळख नसलेल्या चौघांत, ती दुसऱ्या दिवशी सुरू करू शकतो.