पासिंग संपलेला टॅब

माझा टॅब चालू व्हायला बेचाळीस सेकंद लागतात. मोजलेत. म्हणजे मी नाही, माझ्या रूममेटने मोजलेत, चक्क मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. वर म्हणाली, "एवढ्या वेळात माझा चहा होतो." (होत नाही. पण मुद्दा पोचला!)

रूममेट हिंजवडीला आयटीत आहे. तिच्या ऑफिसात दर तीन वर्षांनी लॅपटॉप बदलून मिळतो. त्यामुळे कुठल्याही वस्तूला तीन वर्षं झाली की ती म्हातारी होते, असा तिचा ठाम समज. माझा टॅब २०१९ च्या दिवाळीतला. चोवीस हजारांचा. तेव्हा माझा पगार होता अठरा हजार, म्हणून सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. शेवटचा हप्ता गेला तेव्हा लॉकडाऊन लागलेला होता आणि कोथरूडच्या खोलीत माझ्यासोबत राहणारा एकमेव सजीव म्हणजे हा टॅब!

तर प्रश्न असा की टॅब किती वर्षं ठेवायचा? मोबाइलचं बरं असतं. तो पडतो, रिक्षात विसरतो, पावसात भिजतो, निर्णय आपल्याला घ्यावाच लागत नाही. टॅब घरातच असतो. पलंगावरून उशीवर, उशीवरून टेबलावर. मरतच नाही बिचारा. मग कधीतरी आपणच ठरवायचं असतं.

चार जणांना विचारलं. रूममेटचा फंडा दोन वर्षांचा : एक्स्चेंजमध्ये बरे पैसे येतात तोवर काढून टाका. एक फोटोग्राफर मित्र म्हणाला, धूर निघेपर्यंत वापर. आणि एका एडिटरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तुला टॅब लागतो कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतेय.

एक कबुली देऊन टाकते. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, मी टॅब बदलायला निघाले होते. तो स्लो झाला होता का? नाही. बॅटरी? मस्त. झालं एवढंच की कर्वे रोडवरच्या एका कॅफेत बाजूच्या टेबलावर एक मुलगी पेनने स्क्रीनवर लिहीत बसली होती. काय ते अक्षर, काय ते रंगीत हायलाइट! माझा टॅब मला अचानक पाटीसारखा वाटायला लागला. रात्री दीड वाजता नवा टॅब कार्टमध्ये होता. पण ज्या लेखाचे पैसे त्या महिन्यात यायचे होते, ते आले चार महिन्यांनी. तोवर खाज गेली. फ्रीलान्सरची बचत ही अशीच होते, पेमेंट उशिरा आलं म्हणून!

खरा दणका बसला २०२३ च्या डिसेंबरात. वाईजवळच्या एका गावात ऐंशी पार केलेल्या एका आजींची मुलाखत घ्यायला गेले होते. टॅब समोर ठेवून रेकॉर्डिंग लावलेलं. बॅटरी तेवीस टक्के, म्हटलं पुरेल. आजी धरणात गेलेल्या घराबद्दल सांगत होत्या, सांगता सांगता रडल्या, आणि मी स्क्रीनकडे बघितलं तर ती काळी. तेवीस टक्क्यांवरून थेट शून्य. फाइल सेव्ह झालीच नव्हती. महिन्याभराने परत गेले. आजींनी पुन्हा सगळं सांगितलं, काहीही कुरकुर न करता. पण पहिल्यांदा जिथे रडल्या होत्या तिथे या वेळी नुसतं म्हणाल्या, "मग झालं तसं."

तो लेख छापून आला. बरा आला. पण त्यात काय नाही ते मला माहिती आहे.

मग गेले तपकीर गल्लीत. पुण्यात नवीन असाल तर सांगते : बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं एकमेकांच्या खांद्यावर बसलीत, ती ही गल्ली. दुकानदाराने टॅब हातात घेतला, आडवा धरून डोळा बारीक केला आणि म्हणाला, "मॅडम, काच वर आलीय." एका कोपऱ्यात अगदी नखभर. मला वाटायचं कव्हरमुळे तसं दिसतं. आत बॅटरी फुगायला लागली होती. "असा उशाशी घेऊन झोपत नाही ना?" मी उत्तर दिलं नाही. अर्थात झोपत होते, वर चार्जिंगला लावून. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोचलं किंवा दाबलं तर ती पेट घेऊ शकते, हे त्याने टॅब उघडता उघडता सांगितलं. गरम करून, पातळ पट्टी सरकवत, काच उचलत. मी दोन पावलं मागे सरकले. नवी बॅटरी, मजुरी धरून बावीसशे रुपये.

आणि टॅब पळायला लागला! पळायला म्हणजे, चालायला. पण दिवसभर.

ही गोष्ट मी घरी फोनवर सांगितली. घर सांगलीला. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, २०२४ ला रिटायर झाले. मी त्यांना समजावत होते की बॅटरीचं वय वर्षांवर नसतं, चार्ज सायकलवर असतं. शंभर टक्के वापरली की एक सायकल. आज साठ आणि उद्या चाळीस टक्के वापरली तरी मिळून एकच. अॅपल आपल्या आयपॅडबद्दल सांगते की हजार सायकलनंतरही मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी टिकावी अशी तिची रचना असते. शिवाय उष्णता तिची वैरीण. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मग नवीन काय सांगतीस? गाडीचं वय किलोमीटरवरच बघत्यात. आन् इंजिन तापलं की ते कमी होतंय."

मला इतके दिवस लागले ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. म्हटलं, चला, कळलं. काच फुटली तर काच बदलायची, बॅटरी गेली तर बॅटरी. टॅब काही पाच वर्षांत म्हातारा होत नाही. फंडा क्लिअर.

पण खरी गोष्ट मला कळायची होती ती २०२५ च्या गणपतीत.

व्हिडिओ एडिटिंगचं एक अॅप मला कामासाठी हवं होतं आणि ते माझ्या टॅबवर उतरेना. 'तुमच्या डिव्हाइससाठी उपलब्ध नाही.' झालं! कारण मिळालं. बावन्न हजारांचा टॅब कार्टमध्ये टाकला, आणि जुना? जुना पप्पांना! नवी बॅटरी आहेच, नवं कव्हर घेतलं, काच पुसली, गणपतीला सांगलीला नेला. आरती झाल्यावर सगळ्यांसमोर त्यांच्या हातात ठेवला. आत्याने लगेच "पोरगी गुणाची" वगैरे सुरू केलं. मीही विनयाने वगैरे हसले.

रात्री पप्पांना भजनांचे व्हिडिओ लावून दिले. ते म्हणाले, "बँकेचं बी टाक की ह्याच्यावर. फोनवर अक्षर दिसत न्हाई." त्या खात्यात पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत. एसटीत घातलेली सगळी वर्षं त्या एका खात्यात आहेत. मी अॅप टाकायला घेतलं, आणि एडिटिंगच्या अॅपने हा टॅब नाकारला होता ते आठवलं म्हणून सहज सेटिंग्जमध्ये गेले. अबाऊट टॅबलेट, अँड्रॉइड व्हर्जन, आणि खाली एक ओळ : अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट, फेब्रुवारी २०२३.

अडीच वर्षं! अडीच वर्षं मी या टॅबवर मेल, बँक, सगळं चालवत होते आणि ही ओळ एकदाही वाचली नव्हती.

पप्पांनी विचारलं, काय झालं. सांगितलं. सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडत राहतात, कंपन्या ती बुजवत राहतात, त्यालाच सिक्युरिटी अपडेट म्हणतात. अँड्रॉइडवाले २०१५ पासून या भोकांची यादी बुलेटिनमधून जाहीर करतात. ती यादी चोरही वाचतात. ज्याच्या टॅबला अपडेट येतं, त्याचं भोक बुजतं. ज्याच्याला येत नाही, त्याचं तसंच. टॅब सुरू असतो, गाणी वाजतात, बँकेचं अॅपही उघडतं. बाहेरून काहीच कळत नाही.

पप्पा थोडा वेळ टॅबकडे बघत बसले. "म्हंजे गाडी चालतीय, पण पासिंग संपलंय."

"हो."

"आन् पासिंग संपलेली गाडी तू मला दिलीस व्हय?"

चिडून नाही. डेपोत एखाद्या ड्रायव्हरला विचारावं तसं विचारलं त्यांनी. मला काही सुचेना.

जरा आठवून बघा. तुमच्या घरी जुना फोन कुणाकडे जातो? जुना लॅपटॉप? आईकडे, बाबांकडे, गावच्या काकांकडे. 'त्यांना काय, व्हॉट्सअॅप तर बघायचं असतं.' आपण नवीन घेतो आणि वर दानशूर होतो. आणि जी माणसं प्रत्येक लिंक भाबडेपणाने उघडतात, 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याशी अदबीने बोलतात, ज्यांच्या खात्यात आपल्यापेक्षा जास्त पैसे असतात, नेमकं त्यांच्या हातात घरातलं सगळ्यात कच्चं कुलूप देतो. खरं सांगायचं तर अशा माणसांना लुबाडायला चोराला टॅबमधलं भोकही लागत नाही, एक फोन पुरतो. पण म्हणून दार उघडं ठेवायचं?

त्याच रात्री आईचा फोन बघितला. तोही माझाच, तिला दिलेला. तारीख सांगत नाही. लाज वाटते.

पुढचे चार दिवस मी फक्त तारखा बघत होते. मोदक वळता वळता सुद्धा! पहिला आयपॅड बाजारात आला एप्रिल २०१० मध्ये, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये आलेलं आयओएस ६ त्याला मिळालंच नाही. अडीच वर्षांत गाडी अडली. आयपॅड २ आला २०११ ला आणि तो आयओएस ९ पर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत गेला. २०१८ चा सहाव्या पिढीचा आयपॅड आयपॅडओएस १७ पर्यंत पोचला, २०२४ चं अठरावं त्याला नाही. अँड्रॉइडमध्ये हे वर्षानुवर्षं कंपनीच्या मर्जीवर होतं. आता कंपन्या आकडा आधी सांगायला लागल्यात. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस १० सिरीजला सात वर्षांचं वचन दिलं. आणि युरोपियन युनियनने तर २० जून २०२५ पासून नियमच केलाय : मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट द्यायची आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. तिथे दुरुस्तीची माहिती मिळते. पण अपडेट किती वर्षं, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कधी येणार?

यात एक मेख आहे, ती मला सहा वर्षांनी कळली. ही वर्षं सहसा आपण खरेदी केल्यापासून मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. मी २०१९ च्या दिवाळीत 'सॉलिड डिस्काउंट' म्हणून जो टॅब घेतला, तो आदल्या वर्षी लाँच झालेला होता. म्हणजे डिस्काउंट मला मिळालं आणि त्या बदल्यात आयुष्यातलं एक वर्ष दुकानदाराने आधीच कापून घेतलं होतं. आपण रॅम बघतो, कॅमेरा बघतो, बॉक्समध्ये पेन आहे का बघतो. एक्स्पायरी बघत नाही. ब्रेड घेताना बघतो!

मग मी कार्टमधला बावन्न हजारांचा टॅब काढून टाकला. एडिटिंग लॅपटॉपवर होतं, थोडं त्रासाने, पण होतं. त्याऐवजी दोन वस्तू घेतल्या. पप्पांना अकरा इंची टॅब, नुकताच लाँच झालेला, पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट देऊ असं कंपनीने लिहून दिलेला. आईला नवा फोन. दोन्ही मिळून सदतीस हजार. पुन्हा ईएमआय, या वेळी नऊ महिन्यांचा. रूममेट म्हणाली, "आणि तुला?"

मला तोच. बेचाळीस सेकंदवाला. त्याच्यावरून बँक काढली, मेल काढला, सगळीकडून साइन आउट केलं, फॅक्टरी रीसेट मारला. आता त्याच्यावर पीडीएफ वाचते, स्वयंपाक करताना रेसिपी बघते, रात्री सिरीज. उशाशी घेऊन झोपत नाही, चार्जिंगला लावून तर नाहीच. काच पुन्हा वर आली की मग मात्र ई-कचऱ्याचं संकलन केंद्र. कचऱ्याच्या डब्यात नाही, आणि कुणाला भेट तर मुळीच नाही. मुलाखतीला जाताना फोन आणि एक साधा रेकॉर्डर, दोन्ही चालू. वाईच्या आजींनंतर एकाच यंत्रावर भरवसा ठेवायची हिंमत होत नाही.

दिवाळीला घरी गेले तर पप्पांचा टॅब टीव्हीशेजारी उभा होता, आईने क्रोशाने विणलेल्या रुमालावर. उचलला. मागच्या बाजूला डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा लावलेला, त्यावर काळ्या मार्करने, डेपोतल्या जाड अक्षरात लिहिलेलं : 'पासिंग – ऑगस्ट २०३०'.

"आणि आईच्या फोनवर?"

"तिनं लावू दिली न्हाई," पप्पा म्हणाले. "म्हणती कव्हर खराब होतंय. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय."