ब्रेकची चकती तपासलीत का?

नांगराचा फाळ बोथटला की तुम्ही तो लोहाराकडून पाजवून आणता. मग दारातल्या छोट्या गाडीच्या ब्रेकचीच हयगय का?

बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क, म्हणजे लोखंडी चकती असते. दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळतात, तेव्हा गाडी थांबते. त्यात पॅडबरोबर चकतीही झिजते.

गेल्या पावसाळ्यात शिवारफेरीहून परतताना उतारावर ब्रेक दाबताच माझे स्टिअरिंग थरथरू लागले. मिस्त्रीने चकती मोजली. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती कमी भरली. पातळ चकती लवकर तापते, तडकूही शकते; आणि गाडीत तर आपलीच लेकरेबाळे बसलेली असतात!

ब्रेक करकरला की पॅड तपासा. ते संपले तर लोखंडावर लोखंड घासून चकतीला चर पडतात. चकत्या बदलाल तेव्हा डावी-उजवी जोडीने बदला, पॅडही नवे घाला. एक बैल ताजा, एक थकलेला असला तर गाडी एका अंगाला ओढली जाते, तसेच हे. नव्या चकतीवरचे तेल पुसून घ्या आणि पॅडल वारंवार दाबून घट्ट लागल्याखेरीज गाडी जागची हलवू नका.