उणे सत्तेचाळीस

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हीटरचा नारिंगी उजेड असायलाच हवा, एवढं मला ठाऊक होतं. पण हीटरभोवतीची राखाडी प्लेट स्वतःच लाल व्हायला लागली तर तिचं काय करायचं, हे ठाऊक नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर सुरू करून थोडा वेळ गेला की उजवीकडच्या व्हॉल्व्हच्या पोटात डाळिंबी रंगाचा एक डाग उमटायचा आणि हळूहळू पसरायचा. डावा व्हॉल्व्ह शांत. स्पीकरमधला घूंऽऽ असा आवाज मात्र वाढत जायचा. दिसायला ते प्रकरण इतकं देखणं होतं की मी फोटो काढून काकांना पाठवला.

लगेच फोन आला. "आधी बंद कर ते. मग बोलू."

काकांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग मंडपवाल्यांचे लाऊडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर, मग टेपरेकॉर्डर, आणि मग दुकान बंद. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी आयुष्यात उघडलेला नाही. मी राहतो न्यू जर्सीत, पोट भरतो सॉफ्टवेअरवर आणि इथल्या मराठी मंडळाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवतो. सोल्डरिंग गनचं कोणतं टोक तापतं यापलीकडे माझं इलेक्ट्रॉनिक्स गेलेलं नव्हतं.

घरी आलेलं धूड होतं फेंडर कंपनीचं बासमन, १९७०च्या आसपासचं. नुसतं हेड, स्पीकरचं खोकं वेगळं. मूळ बासमन १९५०च्या दशकात फेंडरच्याच प्रिसिजन बाससाठी काढलेलं, पण गिटारवाल्यांनी ते केव्हाच पळवलं. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातून १९६२-६३मध्ये जो पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर बाहेर पडला, त्याचं सर्किट म्हणजे बासमनचीच जवळजवळ नक्कल. माझं हेड मात्र त्या मानाच्या पिढीतलं नव्हे. लिओ फेंडरने १९६५च्या जानेवारीत आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली, आणि त्यानंतर काही वर्षांनी जे चंदेरी पट्टीवर निळ्या अक्षरांचे अ‍ॅम्प्लिफायर निघाले, त्यातलं हे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची हौस असलेली माणसं सीबीएसचं नाव ज्या सुरात घेतात, त्या सुरात आपल्याकडे फक्त व्याही एकमेकांची नावं घेतात. त्याचं एक कारण पुढे माझ्याच वाट्याला आलं.

"बायस बघ," काका म्हणाले. "तुझ्या त्या व्हॉल्व्हला निगेटिव्ह मिळत नाही."

हा शब्द मी गिटारवाल्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. बायस गरम ठेवला की आवाज गोड होतो, थंड ठेवला की करकरीत होतो, वगैरे. ऐकून मला वाटायचं, ही काहीतरी चवीची गोष्ट असणार. काकांनी ती दोन मिनिटांत कालव्यावर आणून ठेवली. व्हॉल्व्हमध्ये कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉनांचा लोट निघालेला असतो, कारण प्लेटवर चारशेच्या वर व्होल्ट असतात. मध्ये ग्रिड नावाची जाळी. ती म्हणजे कालव्याचं दार. तिला कॅथोडपेक्षा उणे व्होल्टेज दिलं की दार खाली येतं आणि लोट आवरला जातो. गिटारचा सिग्नल ते दार वरखाली हलवतो. पण सिग्नल नसताना दार किती उघडं असावं, ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. तेवढाच बायस. दार फार वर राहिलं तर वाजवत नसतानाही प्लेटवर मारा चालू, आणि ती तापून लाल.

माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. उणे ४७ हे उणे ३१पेक्षा कमी की जास्त? शाळेतल्या गणिताप्रमाणे कमी. काकांच्या भाषेत "निगेटिव्ह जास्त". निगेटिव्ह जास्त म्हणजे करंट कमी, म्हणजे बायस थंड. हे डोक्यात बसेपर्यंत मी प्रत्येक आकडा काकांना उलटा सांगायचो आणि ते पलीकडून न चिडता सुलटा करून घ्यायचे.

मोजण्याआधी मात्र त्यांनी मला बराच वेळ नुसतं ऐकायला लावलं. प्लग काढला तरी आतले मोठे फिल्टर कंडेन्सर चारशे व्होल्ट धरून बसू शकतात. रेझिस्टन्स लावून ते रिकामे करायचे आणि मीटरने शून्य बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. चालू असताना मोजायचं तर एक हात खिशात. स्पीकर जोडल्याशिवाय सुरू करायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि मेनच्या वाटेत सिरीजमध्ये साधा तारेचा बल्ब टाकायचा, म्हणजे आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटेल आणि बाकीचं वाचेल. इथे तसा शंभर वॅटचा जुना बल्ब मिळवणं हाच एक उद्योग झाला. हार्डवेअरच्या दुकानात सगळे एलईडी.

काकांचा पुढचा हुकूम, दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल कर. ६एल६जीसी, दोन्ही एकाच जोडीतले. बदलले. लाली उजव्या सॉकेटलाच राहिली, व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेली नाही. "म्हणजे व्हॉल्व्ह शहाणा आहे, घर वाईट आहे," काका म्हणाले. मला तर आनंदच झाला, कारण घराच्या मागच्या बाजूला चॅसिसवर एक छोटा पॉट दिसत होता. स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. बायसचा पॉट! फिरवला की काम झालं.

व्हॉल्व्हखाली बसवायचा एक अडॅप्टर मिळतो, त्यावर कॅथोडचा करंट मिलिअँपिअरमध्ये वाचता येतो. डाव्याचा आकडा पंचविसाच्या खाली आणि उजव्याचा साठ, सत्तर, ऐंशी असा चढता. स्टँडबाय पाडत, थंड करत, मी पॉट थोडा थोडा फिरवत गेलो. उजवा उतरला की डावा चढायचा. उलट फिरवलं की डावा उतरायचा आणि उजवा भडकायचा. दोघांना एकदम खाली आणण्याची सोय त्या पॉटमध्ये नव्हतीच. पूर्ण टोकाला नेला तरी उजवा सुरक्षित पातळीवर येत नव्हता. हा कसला बायसचा पॉट?

काका म्हणाले, नकाशा पाठव. या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत चिकटवलेल्या कागदावर सर्किटचा क्रमांक असतो, एए२७०. त्याचा नकाशा सहज मिळाला. काकांनी तो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि पलीकडे मोठ्याने हसले. "अरे, हा तराजू आहे. वजन वाढवायचं यंत्र नाही."

सीबीएसच्या आधीच्या, काळ्या पट्टीच्या फेंडरमध्ये पॉट दोन्ही ग्रिडचं उणे व्होल्टेज मिळून वरखाली करतो. चंदेरी काळात अनेक नमुन्यांमध्ये त्याच जागी बॅलन्सचा पॉट आला. एकूण व्होल्टेज कायम; पॉट फक्त ते दोन बाजूंत वाटून देतो, इकडे एखादं व्होल्ट जास्त, तिकडे तेवढंच कमी. त्यात तर्क नाही असं नाही. पुश-पुल जोडीत दोन्ही बाजू सारख्या ओढत असल्या की पुरवठ्यातली घूंघूं आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना खाऊन टाकते. जुळलेली जोडी नसली तरी कानाने गुणगुण कमीत कमी होईपर्यंत पॉट फिरवायचा, झालं. दुरुस्ती करणाऱ्याला मीटरसुद्धा नको. सोय कारखान्याची आणि घाईच्या मेकॅनिकची. पण वेगळ्या जातीचे व्हॉल्व्ह घातले, भिंतीतलं व्होल्टेज बदललं, तर एकूण बायस हलवायला काही नाही. मला हा प्रकार काटकसरीपेक्षा हट्टाचा वाटतो.

भिंतीतल्या व्होल्टेजचीही गंमत आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ११७ व्होल्ट छापलंय, माझ्या घरी मीटर १२३ दाखवतो. फरक पाच टक्क्यांचा, पण तो ट्रान्सफॉर्मरमधून सगळीकडे झिरपतो, हीटरला ६.३च्या जागी साडेसहाच्या वर, प्लेटला ४४६.

आता मूळ प्रश्न. बॅलन्सचा पॉट काही व्होल्टांचाच खेळ करतो, मग उजव्या सॉकेटवर इतका मोठा फरक का? काकांनी मला दोन्ही व्हॉल्व्ह उपटून बाजूला ठेवायला सांगितले. पॉट मध्यावर. मग सॉकेटच्या पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मोजायचं. पिना खालून बघताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. चार आणि तीनवर चारशेच्या वर व्होल्ट असतात, तेव्हा पाचावर सुई ठेवताना माझा खिशातला हातही घामेजला होता. डावीकडे उणे ४७. उजवीकडे उणे ३१, आणि गरम होईल तसं आणखी शून्याकडे सरकतं.

"पॉटच्या दोन टोकांवर बघ."

दोन्हीकडे ४७च्या आसपास.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग: "निगेटिव्ह दोघांना सारखं निघतंय. उजव्याला पोचेपर्यंत कुणीतरी त्यात पॉझिटिव्ह मिसळतंय. व्हॉल्व्ह तर बाहेर आहेत. मग राहिलं कोण?"

मला कोण राहिलं ते मुळीच कळलं नाही. नकाशात त्या पिनेकडे येणाऱ्या रेघा मागे मागे नेत गेलो. एक रेघ रेझिस्टन्समधून पॉटकडे. दुसरी एका कंडेन्सरमधून फेज इन्व्हर्टरकडे, म्हणजे १२एटी७ या छोट्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडे, जिथे दोनशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात. हा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एवढ्याचसाठी असतो की सिग्नल पुढे जावा आणि ते डीसी व्होल्टेज अलीकडेच अडावं. पन्नास वर्षांनी तो अडवायचं विसरतो. थोडं, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावं इतकं, पाझरतं. पण ग्रिडच्या वाटेवरचा रेझिस्टन्स मोठा असल्यामुळे तेवढ्यानेच सोळा व्होल्ट खाल्ले जातात. गरम झाला की पाझर वाढतो. म्हणून लाली यायला वेळ लागायचा.

खात्री करायची रीत मला फार आवडली. अ‍ॅम्प्लिफायर बंद, कंडेन्सर रिकामे, मग संशयिताचा ग्रिडकडचा एकच पाय सोल्डरमधून सोडवून हवेत मोकळा ठेवायचा. पुन्हा सुरू करायचं आणि त्या मोकळ्या पायावर डीसी मोजायचं. शून्याच्या आसपास थांबला तर निर्दोष. माझ्या मीटरने शंभराच्या वर आकडा दाखवला. डावीकडच्या जुळ्या भावाने काही दाखवलं नाही. गंमत अशी की काढलेला कंडेन्सर मी मीटरच्या ओहमच्या खान्यावर तपासला तर तिथे तो साळसूद. मीटरच्या आतल्या बॅटरीचे चार व्होल्ट त्याला काहीच नव्हेत. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "चोर पोलिसासमोर चोरी करतो होय?"

दोन्ही बाजूंना सहाशे व्होल्टचे नवे कंडेन्सर घातले. त्याच बैठकीत बायसच्या पुरवठ्यातला जुना इलेक्ट्रोलिटिकही बदलला, आणि इथे पुन्हा अडलो: या कंडेन्सरचा अधिक पाय चॅसिसला आणि उणे पाय सर्किटला जातो. बाकी सगळे फिल्टर कंडेन्सर बरोबर उलटे. काकांना तीनदा विचारून घेतलं. पुरवठाच उण्याचा, तेव्हा चॅसिस त्याच्या मानाने अधिकच, एवढं साधं होतं ते. पण हातात सोल्डरिंग गन असली की साधंही पटत नाही.

दोन्ही पाच नंबरच्या पिना उणे ४७. व्हॉल्व्ह आत. करंट २७ आणि ३३. आता बॅलन्सचा पॉट आपल्या खऱ्या कामाला आला. हळूच फिरवला आणि दोघं तिसावर आले. घूंऽऽ बसली.

मग हिशेब. प्लेटवर ४४६ व्होल्ट गुणिले ०.०३० अँपिअर म्हणजे साधारण १३.४ वॅट. (कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीन नावाच्या दुसऱ्या जाळीचाही थोडा वाटा असतो, म्हणजे प्लेटचा खरा आकडा जरा कमीच.) ६एल६जीसीची प्लेट ३० वॅट सहन करते. चालू रिवाज असा की काही न वाजवता बसलेल्या व्हॉल्व्हने त्याच्या सत्तर टक्क्यांपुढे, म्हणजे २१ वॅटपुढे जाऊ नये. लाल होताना उजवा व्हॉल्व्ह ऐंशी मिलिअँपिअरला पस्तीस वॅटच्या घरात होता. आता चव्वेचाळीस टक्के. गिटारवाले मित्र म्हणतात, हे थंड आहे, पस्तीसला आण, आवाजात मांस येईल. त्यासाठी बायसच्या पुरवठ्यातला एक ठराविक रेझिस्टन्स थोडा लहान करावा लागेल, किंवा बॅलन्सच्या पॉटची वायरिंग काळ्या पट्टीसारखी करून घ्यावी लागेल. बरेच जण तसंच करतात.

काकांचं मत वेगळं पडलं. मंडपात रात्रभर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा अनुभव त्यांच्या गाठीला आहे, तिथे थंड व्हॉल्व्ह म्हणजे सकाळपर्यंत चालणारा व्हॉल्व्ह. "गोडवा बोटात आण," म्हणाले. मी अजून ठरवलेलं नाही. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात आहे तसं वाजवून बघणार आहे, आणि रेझिस्टन्स आणून ठेवलाय.