शेतकऱ्यांनी वळवलेली नदी



नदी वाहील तिकडे वाहील, आपण तिच्या कलाने घ्यावे, अशी आपली जुनी समजूत. पण जपानमधल्या ओसाका शहराच्या दक्षिण कडेला एक नदी आहे, तिची वाट शेतकऱ्यांनी अर्जावर अर्ज करून बदलायला लावली. तिचे नाव यामातो. चला, आज तिच्या काठाने एक फेरी मारू.

ही नदी नारा प्रांताच्या डोंगरात उगम पावते. लांबी अवघी ६८ किलोमीटर. नाऱ्याच्या खोऱ्यातले सारे ओढे-नाले पोटात घेऊन ती कामेनोसे नावाच्या खिंडीतून ओसाकाच्या सपाटीवर उतरते. तिथे काशिवारा हे गाव लागते. आज ती इथून सरळ पश्चिमेला जाते आणि ओसाका व साकाई या दोन शहरांच्या मधून समुद्राला मिळते. तीनशे वर्षांपूर्वी मात्र ती काशिवाऱ्याला उजवीकडे वळे आणि अनेक फाटे फोडत उत्तरेला योदो नदीकडे जाई.

दुखणे होते ते इथेच. डोंगरातला गाळ पात्रात साचे. पूर येऊ नये म्हणून लोक काठाचे बांध उंच करीत. पुन्हा गाळ, पुन्हा बांध. असे होता होता नदीचा तळच आजूबाजूच्या शेतांपेक्षा वर आला. नदी डोक्यावर आणि भात पायाशी! बांध फुटला की पाणी शेतात शिरे, आणि शेत खाली असल्यामुळे ते लवकर निघतही नसे.

इमागोमे गावचे प्रमुख नाका जिंबेई यांचा जन्म १६३९ सालचा. त्यांनी आणि आसपासच्या गावांनी सरकारकडे मागणी लावून धरली, की नदी काशिवाऱ्यापासूनच पश्चिमेला वळवा. ही खटपट जवळजवळ पन्नास वर्षे चालली. मध्यंतरी सरकारने योदोच्या मुखाकडची वाट मोकळी करून पाहिली. पूर थांबले नाहीत.

अखेर १७०४ साली काम सुरू झाले, आणि सुमारे १४ किलोमीटरची नवी नदी आठ महिन्यांच्या आत तयार झाली. यंत्र नाही, फक्त माणसांचे हात. युक्ती अशी, की बहुतेक ठिकाणी खोल खणलेच नाही. जमिनीवर मातीचे दोन बांध घातले आणि मधून पाणी सोडले. उंचवटे आडवे आले तेवढे कापून काढले.

आता दुसरी बाजू ऐका. नव्या वाटेवरच्या गावांनीही अर्ज केले होते, पण नदी नको म्हणून. त्यांची सुमारे पावणेतीनशे हेक्टर जमीन पात्राखाली गेली. कुणाचे घर एका काठाला, तर शेत दुसऱ्या काठाला. तिथला उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि नदी मधेच आडवी पडली. मग दक्षिणेचे पाणी तुंबू लागले, म्हणून बांधाच्या कडेने वेगळा चर काढावा लागला. साकाईच्या बंदरात गाळ भरू लागला, तो आणखी निराळा.

जुन्या पात्रांत आणि त्यांच्या तळ्यांत मात्र हजार हेक्टरांच्या वर नवी जमीन उघडी पडली. कोनोइकेसारख्या धनिक व्यापारी घराण्यांनीही ती लागवडीखाली आणली. जुन्या पात्राची जमीन उंच आणि रेताड, भाताला पाणी धरीना. पण कापसाला निचरा हवाच असतो. शेतकऱ्यांनी विहिरी खणल्या, सुक्या मासळीचे खत घातले, आणि कावाची भागाचे जाडेभरडे टिकाऊ कापड देशभर नावाजले.

पुढे ओसाकात गिरण्या आल्या. त्यांना गाठोड्यांनी स्वस्त कापूस हवा होता. १८९३ साली मुंबईहून कोबे बंदराला जपानी आगबोटी नियमित सुरू झाल्या, त्या मुख्यतः आपल्या देशाचा कापूस न्यायला. परदेशी सूत आणि कापूस यांच्यापुढे कावाचीचा कापूस टिकला नाही. एका गावच्या बोंडाचा भाव दूरच्या बंदरात कसा ठरतो, ते आपल्या कापूसवाल्यांना वेगळे सांगायला नको.

नदीची काळजी अजून संपलेली नाही. १९३१-३२ साली कामेनोसेला डोंगर सरकला. आगगाडीचा बोगदा गेला, रूळ पलीकडच्या काठाला न्यावे लागले. तिथे आजही जमिनीखालचे पाणी काढून डोंगर स्थिर ठेवतात. १९७० च्या सुमारास शहरांच्या सांडपाण्याने नदी पार घाण झाली होती. सांडपाणी शुद्ध करण्याच्या सोयी झाल्या, घरोघरी मोरीत तेलकट सोडू नका असे सांगितले गेले, आणि आता आयू नावाचे मासे पुन्हा दिसू लागले आहेत.

काशिवाऱ्याला नदीच्या वळणापाशी जिंबेईंचा पुतळा उभा आहे. तो जरूर पाहावा. पण मग बांधावर चढून दक्षिणेकडेही नजर टाकावी. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांचा पुतळा मला कुठे आढळला नाही. बांधबंदिस्तीच्या कामात उभा जन्म गेला माझा. तुमच्या शिवारात नवा चर काढाल, तेव्हा पाणी आपल्या शेतातून निघून कुणाच्या शेतात जाते, ते आधी बघा, एवढेच सांगतो.