रोजा आणि रुमाल

एकादशीच्या आणि श्राद्धाच्या दिवशी आमची आजी दात घाशीत नसे. त्या दिवशी दातवण निषिद्ध, त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भराव्यात असे शास्त्र आहे, आणि ती त्या मोजून भरी. दुपारपर्यंत तिच्या तोंडाला वास येई. पण तो उपवासाचा, म्हणून घरात कुणालाच त्यात वावगे वाटत नसे. तोच वास दुसऱ्याच्या उपवासाचा असला म्हणजे नाकाला किती वेगळा लागतो, हे मी पुढे अनुभवले.

१९८९ साली मी निपाणी भागात नव्याने रुजू झालो होतो. जीपचे ड्रायव्हर माझ्याहून वीसेक वर्षांनी वडील. कचेरीत सगळे त्यांना चाचा म्हणत. रमजान त्या साली एप्रिलच्या उन्हात आला होता. वाटेत तंबाखूच्या वखारींचा उग्र दर्प जीपमध्ये शिरे, तो मला चालत असे. चाचांच्या तोंडाचा वास मात्र साहवत नसे. एकदा मी खिशातली वेलची काढून पुढे केली. "चाचा, ही तोंडात ठेवा."

"रोजा हाय साहेब," म्हणत त्यांनी ती घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर मी रुमाल नाकाला लावला, तो त्यांनी आरशात पाहिला असावा. दुसऱ्या दिवसापासून ते तोंडाला रुमाल बांधून गाडी चालवू लागले. मला बरेच वाटले, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

उपाशी तोंडाच्या वासाचे कारण साधे आहे. चावणे थांबले की लाळ कमी सुटते, आणि जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू गंधकयुक्त वायू सोडू लागतात. इस्लामी परंपरेत तर रोजेदाराच्या तोंडाचा गंध ईश्वराला कस्तुरीहून प्रिय मानला आहे. म्हणून दात घासू नयेत, असे मात्र नव्हे. पीलूच्या झाडाची मिस्वाक रोज्यातही चालते. हनफी पंथाचे लोक ती दिवसभरात केव्हाही करतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्यात ती दुपार ढळल्यावर टाळण्याची रीत आहे. चूळही भरता येते, पाणी घशाखाली उतरू नये एवढेच. पेस्ट गिळली जाण्याची धास्ती असते, म्हणून पुष्कळजण सहरी आटोपली की पहाटेच्या बांगेआधीच ब्रश करून घेतात. आजीच्या बारा चुळांपेक्षा हे शास्त्र पुष्कळच सैल निघाले.

आठवड्याभराने एका संध्याकाळी आम्ही वाटेतच होतो. खजूर खाण्यासाठी चाचांनी रुमाल सोडला, तर उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढलेला. दाढेत पू झाला होता. वास रोज्याचा नव्हताच! मी तो रोज्याचा समजलो, त्यांनीही तसेच समजून घेतले, आणि सूज दिसली असती ती माझ्यापायी बांधलेल्या रुमालाखाली झाकली गेली.

"ईदनंतर काढतो," ते म्हणाले. भुलीच्या सुईने रोजा तुटेल अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या मशिदीतल्या मौलवींनीच ती दूर केली. सुईने वा दाढ काढल्याने रोजा मोडत नाही, रक्त किंवा औषध पोटात जाता कामा नये. आणि अंगात ताप असेल तर रोजा सोडावा, मागाहून भरून काढावा. त्याच रात्री दाढ निघाली. शेजारचीही वाचली नाही. चाचा चार दिवस अंथरुणाला खिळले. राहिलेले रोजे त्यांनी पावसाळ्यात एकट्याने धरले. मी माफी मागितली नाही. साहेबाने ड्रायव्हरची माफी मागावी, अशी रीत तेव्हा नव्हती, असे मी स्वतःला सांगत आलो.

चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२२ मध्ये तो पुन्हा एप्रिलात आला. करोनाचे मास्क तेव्हा उतरू लागले होते. पण आमच्या खासबागेतल्या गल्लीत किराणा दुकान चालवणारा एक तरुण रोजेदार गिऱ्हाइकाशी मास्क लावूनच बोले. कारण विचारले, तर खाली बघत म्हणाला, "तोंडाला वास येतो, काका."

"मास्क काढ आणि आ कर," मी म्हटले. वयाचा एवढा तरी उपयोग! एका बाजूची हिरडी लालभडक होती. सहरीनंतर दातांबरोबर जीभही घास, इफ्तारीचे सरबत आणि गोडधोड झाले की अर्ध्या तासाने पुन्हा ब्रश कर, आणि रात्री उघडा असेल त्या दंतवैद्याकडे आजच जा, ईदची वाट पाहू नकोस, असे त्याला बजावले. तो "बरं काका" म्हणाला आणि माझी साखर तोलू लागला. मास्क त्याने परत लावला नव्हता.