दारावरचं नाव

निफाडच्या स्टँडबाहेर काळ्या-पिवळ्या जिपा उभ्या राहायच्या, त्यात एक आमच्या अब्बांची होती. महिंद्राची डिझेल जीप, कर्ज काढून घेतलेली, वापरलेली. 'चला विंचूर, लासलगाव' असा पुकारा करत ते शिटा भरायचे. बाजाराच्या दिवशी आत चौदा-पंधरा माणसं, टपावर रिकाम्या गोण्या आणि अब्बा अर्धे बाहेर लोंबकळत स्टिअरिंग धरून. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत इंजिन उठायचं नाही, मग आम्ही भावंडं मागून धक्का मारायचो. जीपच्या दारावर पिवळ्या अक्षरांत मालकाचं नाव होतं. अब्बांचं पूर्ण नाव.

कॉलेजात असताना त्या जीपची कूळकथा माझ्या वाचनात आली. गाडी मूळची अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सैन्यासाठी सहा लाखांवर जिपा बांधल्या. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली. अमेरिकेत तिच्या वंशात पुढे चेरोकी, ग्रँड चेरोकी अशा ऐसपैस गाड्या निघाल्या. आपल्याकडे मात्र मुंबईत माझगावला तिचे सुटे भाग जोडले जाऊ लागले आणि ती खेड्यापाड्यांची होऊन गेली.

पण मला चकित केलं ते कंपनीच्या जुन्या नावाने. 1945 साली लुधियानात ती निघाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद असे भागीदार. व्यापार पोलादाचा. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडे 1948 मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. इंग्रजी आद्याक्षरं तेवढी तीच राहिली, एम अँड एम.

मी धावतच अब्बांना सांगायला गेले. "अब्बा, ही कंपनी अर्धी आपली होती!"

अब्बा गाडीखाली होते. ग्रीसने माखलेले हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "अपनी कैसे बेटा? वो तो चला गया. हम तो यहीं हैं."

माझा हिरमोड झाला. त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळायला 1992 चा डिसेंबर यावा लागला. बाबरी मशीद पडली त्या आठवड्यात स्टँडवर माणसं दारावरचं नाव वाचून पुढच्या जीपकडे जाऊ लागली. कोणी काही बोलत नव्हतं, फक्त जात होते. चहाच्या टपरीवर मात्र एकाने विचारलंच, "तुमचे सगळे गेले, तुम्ही कसे राहिलात?" अब्बांनी चहाचे पैसे ठेवले आणि ते गाडीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणारी एक म्हातारी डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी पुढे बसली. म्हणाली, "भाऊ, चल की. मला उशीर होतोय." तिच्यामागून आणखी दोघी चढल्या. त्या दिवशी गाडी भरली नाही, पण निघाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नुसत्या नावावरून मी गुलाम मोहम्मद यांचं कर्तृत्व आमच्या खात्यावर मांडलं होतं. टपरीवरच्या माणसाने त्याच नावावरून त्यांचं जाणं आमच्या खात्यावर मांडलं. हिशेबाची रीत दोघांची एकच. अब्बांनी दोन्ही नाकारलं होतं. गंमत अशी की, ज्या गुलाम मोहम्मद यांच्या जाण्याचा जाब निफाडच्या एका ड्रायव्हरला द्यावा लागला, ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल म्हणून 1955 च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीत भारताचे प्रमुख पाहुणे होते.

पुढे नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो, स्कॉर्पिओ निघाल्या. 2022 पासून अमेरिकन ग्रँड चेरोकीसुद्धा पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाऊ लागली. जिपेचा वंश असा महाराष्ट्रात फिरून एकत्र आला. ते पाहायला अब्बा नव्हते.

त्यांची जीप त्यांच्या हयातीतच भंगारात गेली. नेणाऱ्याला त्यांनी पाना मागितला आणि ते दार तेवढं उतरवून घेतलं. आजही ते आमच्या परसात भिंतीला टेकून आहे. पत्रा गंजलाय, पण नाव वाचता येतं. कंपनीच्या नावातला मोहम्मद गेला. दारावरचा कुठे गेला नाही, विंचूर-लासलगावच्या फेऱ्या करत इथेच राहिला.