वैमानिकावाचून उतरलेले विमान

अमेरिकेला जाणारा आपला माणूस न्यूयॉर्क पाहतो, नायगारा पाहतो आणि परत येतो. ओहायओ राज्यातले डेटन त्याच्या यादीत सहसा नसते. पण विमानांचे वेड असलेल्याला हे गाव आळंदी-देहूच्या ठिकाणी आहे. विल्बर आणि ऑर्व्हिल हे राइट बंधू इथलेच. सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी उडण्याचा ध्यास घेतला. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूत त्यांनी केलेले पहिले उड्डाण अवघ्या १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. विमान वळवावे कसे, आवरावे कसे, हा खरा अभ्यास त्यांनी घरी परतून डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणात केला. ऑक्टोबर १९०५ मध्ये तिथे त्यांचे विमान ३९ मिनिटे हवेत राहिले.

त्या कुरणाला कवेत घेऊन आज तिथे राइट-पॅटरसन हा अफाट लष्करी विमानतळ पसरला आहे आणि त्याच्या एका अंगाला अमेरिकन हवाई दलाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पाय मात्र भरपूर दुखतात. एकापुढे एक अशा प्रचंड कमानदार शेड आणि त्यांत विमानांची दाटी! नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारे 'बॉक्सकार'ही तिथेच आहे. त्याच्यापुढे माणसे आपोआप हळू बोलू लागतात.

शीतयुद्धाच्या दालनात मात्र एका विमानापुढे लोक हसताना दिसले. करड्या रंगाचे, त्रिकोणी पंखांचे, शेपटीला आडवे पंख नसलेले ते एफ-१०६ जातीचे जेट. शत्रूची बॉम्बफेकी विमाने वाटेतच गाठण्यासाठी ही जात बनवली होती. आवाजाच्या दुपटीहून अधिक तिचा वेग. आणि या विमानाचे टोपणनाव काय, तर 'कॉर्नफील्ड बॉम्बर', म्हणजे मक्याच्या शेतातले बॉम्बफेकी! बॉम्बफेकी तर ते कधीच नव्हते. पण शेताची गोष्ट खरी आहे.

२ फेब्रुवारी १९७० चा तो दिवस. मोंटाना राज्यातल्या माल्मस्ट्रॉम तळावरून काही विमाने हवाई झुंजीच्या सरावासाठी उडाली. त्यांतल्या या विमानात गॅरी फाउस्ट हा वैमानिक होता. डावपेचांच्या ओढाताणीत विमानाचा तोल गेला आणि ते आडव्या गिरकीत सापडले. वाऱ्यावर सोडलेले झाडाचे पान जसे आडवेच गरगरत खाली येते, तसे. अशा वेळी पंखांवरून हवा नीट वाहत नाही आणि सुकाणू हलवूनही उपयोग होत नाही. फाउस्टने शिकवलेले सारे उपाय केले, तरी विमान जुमानेना. सुमारे १५,००० फुटांवर त्याने आसनाची कळ ओढली आणि तो आसनासह बाहेर फेकला गेला.

आणि काय आश्चर्य! तो बाहेर पडताच विमानाने गिरकी सोडली. आसन उडाल्याचा झटका बसला, वजनाचा तोल बदलला, नाक खाली गेले आणि पंखांना पुन्हा हवा मिळाली. आता परत जाऊन आत बस, असे एका सोबत्याने बिनतारीवरून त्याला म्हटल्याचे सांगतात. बिचारा फाउस्ट हवाई छत्रीला लोंबकळत हे पाहत होता!

मोकळे विमान सावकाश उतरत बिग सँडी गावाजवळच्या बर्फाने झाकलेल्या शेतात आले आणि चाके न उघडताच पोटावर घसरत थांबले. इंजिन चालूच होते. पोलीस अधिकारी आला, पण त्या फुरफुरणाऱ्या धुडाला आवरायचे कसे? तळावरून सल्ला मिळाला, की इंधन संपेपर्यंत थांबा. पाऊणेदोन तास विमान तसेच धडधडत राहिले. फाउस्ट डोंगरात उतरला होता. त्याला स्थानिक लोकांनी बर्फावरच्या गाड्यांतून सुखरूप आणले.

ही हकिगत ऐकून माझ्या नातीने विचारले, "आजोबा, तो आतच बसून राहिला असता तर विमान वाचले असते ना?"

मी म्हटले, "नाही गं बाळ. तो बाहेर पडला म्हणून तर ते सावरले. आत राहता तर बहुधा दोघेही गेले असते."

गंमत वाटते ती आपल्याला, शेवट ठाऊक असल्यामुळे. फाउस्टला तो ठाऊक नव्हता. कोट्यवधींचे सरकारी यंत्र सोडायचे, मागून लोक काय म्हणतील याची पर्वा करायची नाही आणि तेही जमीन झपाट्याने वर येत असताना! उशीर केल्यामुळे जिवाला मुकलेले वैमानिक थोडे नाहीत. कधी सोडावे, हे शिकवणे हाही वैमानिकाच्या शिक्षणाचा भाग असतो, आणि त्या दिवशी तो धडा फाउस्टच्या कामी आला.

विमानाचे नुकसान किरकोळ होते. ते दुरुस्त होऊन पुन्हा सेवेत गेले आणि १९७९ मध्ये फाउस्टने तेच विमान पुन्हा चालवले. ऑगस्ट १९८६ मध्ये ते डेटनला आले. त्या दिवशी आत बसताना त्याने त्या आसनाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, हा विचार करीत मी त्या त्रिकोणी पंखाखाली बराच वेळ उभा होतो.